क्रांतीच्या सैन्याला माल पोचवणारे व्यापारी : आधी जोखीम कोणाची होती ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे : "अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर दीर्घ लेख लिहितोय. काँग्रेसकडे (बंड केलेल्या वसाहतींच्या मध्यवर्ती सभेकडे) खजिना नव्हता, आरमार नावापुरतं होतं, तरी आठ वर्षं सैन्य टिकलं. व्यापाऱ्यांनी जमिनीवरून आणि समुद्रातून माल नेमका कसा पुरवला? ते देशभक्त होते की नफेखोर? १७७९ च्या एका खरेदीवहीत गोमांस आणि पिठाचे भाव वर्षभरात पाचपट झालेले दिसतात. ही उघड चोरी नाही का?"

देशभक्त की नफेखोर, या दोन कप्प्यांवर लेख उभा केलात तर तो अडेल. बहुतेक व्यापारी दोन्ही होते, तेही एकाच दिवशी आणि एकाच वहीत. मूळ अडचण वेगळी आहे. सरकारकडे रोकड नसताना त्याला माल हवा असतो, तेव्हा मधली जोखीम कोणीतरी उचलावी लागते आणि तो त्याची किंमत लावतो. म्हणून या काळातला कुठलाही हिशेब हातात आला की मी आधी तीन गोष्टी शोधतो : माल वाटेत बुडाला तर नुकसान कोणाचं ठरलं होतं, पैसे कोणत्या चलनात मिळणार होते, आणि खरेदीपासून पैसे हातात पडेपर्यंत किती महिने गेले. भाव आणि नफा त्यानंतर.

उत्तर सालाप्रमाणे बदलतं आणि मालाप्रमाणेही. १७७५-७७ मध्ये खरी टंचाई दारूगोळ्याची होती आणि तो समुद्रातून येत होता. १७७८-८० मध्ये माल देशात होता, पण चलन मरत होतं. १७८१ नंतर मक्त्यांचा काळ आला. हे तीन काळ एकत्र कालवले की सगळेच चोर दिसतात, नाहीतर सगळेच संत.

बंदुकीच्या दारूपासून सुरुवात करतो. ऑगस्ट १७७५ मध्ये बोस्टनला वेढा घालून बसलेल्या वॉशिंग्टनचा समज होता की कोठारात ३०८ पिपं दारू आहे. निघाली ३६. माणशी नऊ बारांच्या वर हिशेब जाईना. यात कोणी चोरी केली नव्हती. पुरवठा समितीने सुरुवातीपासून जमा झालेली सगळी पिपं मोजून दिली होती, वापरलेली वजा केली नव्हती. जमेची बाजू म्हणजे शिल्लक, असं मानण्याची ही चूक पुरवठ्याच्या कागदांत पुढेही वारंवार भेटते. आकडा दिसला की तो आवकेचा आहे की शिलकेचा, हे आधी ठरवा.

ही दारू देशात का बनत नव्हती? तिच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा असतो, उरलेला कोळसा आणि गंधक. त्या काळी जगातला सर्वात चांगला सोरा बिहारमधून, पाटण्याच्या बाजारातून निघे आणि प्लासीनंतर त्यावर ईस्ट इंडिया कंपनीची पकड बसली होती. ज्याच्याशी लढायचं, सोऱ्याची किल्ली त्याच्याच कमरेला. वसाहतींमध्ये तबेल्यांतली आणि तळघरांतली माती धुऊन सोरा काढण्याचे प्रयत्न झाले, पण ते पुरेसे नव्हते. पहिल्या अडीच वर्षांत अमेरिकनांच्या हाती आलेल्या दारूपैकी सुमारे ९० टक्के एकतर तयार आयात झाली, नाहीतर आयात केलेल्या सोऱ्यापासून बनली. तुमच्या लेखाचा समुद्राकडचा भाग या एका आकड्यावर उभा करता येईल.

आता यंत्रणा. सप्टेंबर १७७५ मध्ये काँग्रेसने गुप्त समिती नेमली. तिच्यात व्यापारीच बसले होते आणि तिचे मोठे करारही त्यांच्याच पेढ्यांना मिळाले. फिलाडेल्फियाची विलिंग अँड मॉरिस ही त्यांतली सर्वात बलाढ्य. त्याच महिन्यात काही सभासदांनी हरकत घेतली की दारूच्या एका करारात ही पेढी कसलीही जोखीम न घेता किमान १२,००० पौंड निव्वळ कमावणार आहे. हरकतीतला जोर नफ्याच्या आकड्यापेक्षा 'जोखीम न घेता' या शब्दांत आहे. तेव्हाच्या लोकांनाही दुखणं नेमकं कळत होतं.

एक सफर साधारण अशी व्हायची. समिती पेढीला उचल द्यायची. काँग्रेसचे कागदी डॉलर कॅरिबियन बेटांवर कोणी घेत नसे, म्हणून त्या उचलीतून तंबाखू, तांदूळ, नीळ, पीठ, खारे मासे खरेदी व्हायचे. परदेशात चालणारं खरं नाणं ते. १० सप्टेंबर १७७५ पासून निर्यातबंदी होती, पण जुलैतच काँग्रेसने वाट ठेवली होती : जे जहाज दारू किंवा शस्त्रं आणेल, त्याला तेवढ्याच किमतीचा माल बाहेर नेता येईल. एप्रिल १७७६ मध्ये ब्रिटन सोडून सगळ्या जगाला बंदरं खुली झाली. जहाज शक्यतो लहान आणि चपळ, स्लूप किंवा स्कूनर. मोठ्या जहाजात माल जास्त मावतो, पण ते पकडलं गेलं की सगळंच जातं. तेवढाच माल चार लहान तारवांत विभागला आणि दोन पोचली तरी काम भागतं. शत्रूने पकडल्यास जहाजाची भरपाई बहुतेकदा समितीकडे असे. गुप्त पत्रांना शिशाचं वजन बांधलेलं असे, शत्रू जवळ आला की ती समुद्रात टाकायची.

जहाज थेट फ्रान्सला क्वचित जाई. बहुतेक माल कॅरिबियन बेटांवर बदलला जायचा. फ्रेंच मार्टिनिकमध्ये विल्यम बिंगहॅम हा अडत्या १७७६ पासून बसला होता. माल विकणं, दारू घेणं, कप्तानांना पैसे देणं आणि फ्रेंच अधिकाऱ्यांची मर्जी राखणं, सगळं त्याच्याकडे. डच सेंट युस्टेशियस हे बेट जेमतेम वीस-एकवीस चौरस किलोमीटरचं, पण खुलं बंदर असल्याने किनाऱ्याला वखारींची रांग लागलेली. हॉलंडहून दारू चहाच्या पेट्यांत आणि तांदळाच्या पिपांत भरून येई. फेब्रुवारी १७८१ मध्ये ब्रिटिश अॅडमिरल रॉडनीने ते घेतलं, बंदरातली शंभरावर जहाजं जप्त केली आणि महिनाभर डच निशाण तसंच फडकत ठेवलं. बेखबर व्यापारी आपणहून आत येत राहिले. एकाच बंदरावर सगळा व्यापार टांगला की काय होतं, त्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

शत्रू सोडून बिघडायचं ते हवामानाने. ऑगस्ट ते ऑक्टोबर बेटांवर वादळं, जानेवारीत डेलावेअर नदीवर बर्फ. वर्षातले सुरक्षित महिने थोडे आणि ते ब्रिटिश आरमारालाही ठाऊक. दारूला दमट हवा मारते. पिपं मधूनमधून उलटी-सुलटी करावी लागतात, नाहीतर ओल धरून तिचे गठ्ठे होतात. त्यामुळे 'आली' आणि 'वापरण्याजोगी आली' यांत फरक असतो आणि हिशेबात तो बऱ्याचदा दिसत नाही.

आणि सर्वात मोठं दुखणं होतं सरमिसळीचं. एकाच जहाजात निम्मा माल समितीचा, निम्मा पेढीचा खासगी. जहाज बुडालं तर बुडाला तो कोणाचा? पोचलं तर चढ्या भावाने विकलेला कोणाचा? पेढीच्या बाजूनेही बोललं पाहिजे : फक्त सरकारी मालाने जहाज भरलं असतं तर ते संशयास्पद दिसलं असतं, आणि अर्ध्या भाड्यात कप्तान निघाला नसता. पण वह्या वेगळ्या ठेवल्या गेल्या नाहीत. कनेक्टिकटच्या सायलस डीनला १७७६ मध्ये माल मिळवायला पॅरिसला धाडलं गेलं, १७७७ च्या अखेरीस परत बोलावलं आणि तो परतल्यावर हिशेब मागितला, तर पावत्या अटलांटिकपलीकडे राहिलेल्या. तो १७८९ मध्ये कलंक घेऊनच वारला. १८४२ मध्ये काँग्रेसने हिशेब पुन्हा तपासून त्याच्या वारसांना ३७,००० डॉलर दिले.

फ्रान्समधली मदतही याच घोळात अडकली. नाटककार बोमार्शेने रोड्रिग होर्तालेझ आणि कंपनी नावाची पेढी काढली. १७७६ मध्ये फ्रेंच राजाने तिला दहा लाख लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले, स्पेननेही तेवढेच. देखावा खासगी व्यापाराचा, म्हणजे फ्रान्सला हात झटकता यावेत. १७७७ च्या वसंतात 'मर्क्युर' आणि 'अँफिट्राइट' ही तिची जहाजं न्यू हॅम्पशरच्या पोर्ट्समथला लागली. पहिल्यात सुमारे १२,००० बंदुका होत्या, दुसऱ्यात तोफा. ही शस्त्रं त्याच वर्षीच्या साराटोगाच्या मोहिमेत कामी आली. पण हा माल देणगी की उधारी, हे कागदावर स्पष्ट नव्हतं. बोमार्शे बदल्यात तंबाखूची वाट बघत बसला आणि काँग्रेसने देणगी समजून हात आखडले. त्याच्या वारसांशी तडजोड झाली १८३५ मध्ये, आठ लाख फ्रँकवर. (इंग्रजांना अनेक बाजूंनी अडवण्याचं फ्रान्सचं हे धोरण आपल्याकडेही दिसतं. १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच वकील शस्त्रांची आश्वासनं घेऊन पुण्यात नाना फडणीसांकडे आला होता.)

समुद्राबद्दल आणखी एकच. खासगी लढाऊ जहाजांना, म्हणजे प्रायव्हेटियरना, काँग्रेसने एप्रिल १७७६ पासून रीतसर परवाने दिले. शंभर टनांपर्यंतच्या जहाजाला ५,००० डॉलरचं हमीपत्र, त्यावरच्याला १०,०००. त्यांनी शत्रूचा माल आणला हे खरं, पण लुटीच्या वाट्यासाठी खलाशी तिकडेच धावले आणि सरकारी जहाजं माणसांवाचून उभी राहिली. मराठी वाचकाला आवडेल अशी एक नोंद : १७८२ मध्ये डेलावेअरच्या तोंडाशी व्यापार अडू लागला, तेव्हा फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने पेनसिल्व्हेनियाने एक जहाज सज्ज केलं. नाव 'हैदर अली'. ८ एप्रिल १७८२ रोजी व्यापारी जहाजांना सोबत करत असताना त्याने आपल्याहून भारी तोफांचं ब्रिटिश 'जनरल मंक' पकडलं.

आता जमीन. इथे कागदी चर्चा बाजूला ठेवून गणित मांडा, बरंच काही आपोआप उलगडेल. नोव्हेंबर १७७५ च्या शिध्याप्रमाणे सैनिकाला रोज एक पौंड गोमांस (किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, किंवा एक पौंड खारे मासे) आणि एक पौंड पाव किंवा पीठ. शिवाय आठवड्याला तीन पाइंट वाटाणे किंवा घेवडा, दूध, बिअर किंवा सायडर, साबण, मेणबत्त्या. दहा हजार माणसं धरा. पिठाचं पिंप १९६ पौंडांचं, म्हणजे रोज ५१ पिपं. चार घोड्यांच्या गाडीत दहा पिपं धरली तर रोज पाच गाड्या छावणीत यायला हव्यात. गिरणी शंभर मैलांवर असेल आणि गाडी दिवसाला पंधरा मैल जात असेल, तर जाऊन-येऊन चौदा दिवस. नुसत्या पिठासाठी ७० गाड्या आणि २८० घोडे कायम रस्त्यावर. त्या घोड्यांनाच रोज तीन टनांच्या आसपास वैरण आणि दाणा. रस्ता चिखलात गेला की चौदाचे वीस दिवस होतात, गाड्या शंभर लागतात आणि वाटेवरची वैरण संपते. म्हणून छावणीत भूक आणि पन्नास मैलांवर भरलेली कोठारं, असं दृश्य दिसतं. व्हॅली फोर्ज इथल्या वॉशिंग्टनच्या छावणीत, १७७७-७८ च्या हिवाळ्यात, हेच घडलं.

मांसाचं वेगळं. जनावर स्वतःच्या पायांनी येतं. एका बैलाचं ४०० ते ५०० पौंड मांस धरलं तर दहा हजारांना रोज वीस-पंचवीस जनावरं. कनेक्टिकटमधून शेकडो मैल कळप हाकत आणले जात. चालून चालून जनावर रोडावतं, म्हणून खरेदीच्या वेळचं वजन आणि कत्तलीच्या वेळचं वजन जुळत नाही. त्या तफावतीला चोरी म्हणण्याआधी अंतर बघा. हिवाळ्यासाठी मांस खारवून पिपांत भरायचं तर थंडी पडताच कत्तल हवी, आणि तेव्हा मीठ हातात हवं. मीठ बेटांवरून समुद्रमार्गे येई. नाकेबंदीत मिठाचं जहाज ऑक्टोबरऐवजी जानेवारीत आलं, तर त्या वर्षीची पिपं भरलीच नाहीत असं समजा. समुद्र आणि जमीन इथे एकमेकांत अडकतात, लेखात हे जरूर आणा. पिंप गळकं असलं की खारं पाणी जातं आणि मांस सडतं. काही गाडीवान ओझं हलकं व्हावं म्हणून ते पाणी मुद्दाम सोडून देत.

ही खरेदी करणारा पहिला मोठा अधिकारी जोसेफ ट्रंबल, मूळचा व्यापारी. काम नीट चाललं होतं. जून १७७७ मध्ये काँग्रेसने चोरी थांबवण्यासाठी बारीक नियम केले : खरेदी आणि वाटप ही दोन वेगळी खाती, हाताखालची माणसं काँग्रेस नेमणार, दलालीऐवजी पगार, आणि प्रत्येक जनावराचा रंग आणि ओळखीच्या खुणा वहीत. हेतू स्वच्छ होता. परिणाम असा की ज्यांना गावोगावचे शेतकरी नावाने ओळखत होते ती माणसं निघून गेली. ट्रंबलने राजीनामा दिला आणि पुढच्याच हिवाळ्यात उपासमार झाली. १७७८ च्या वसंतात काँग्रेसला दलालीकडे परतावं लागलं. हार्टफर्डचा व्यापारी जेरेमाया वॅड्सवर्थ अन्नखरेदीवर आला, त्याला खर्चावर अर्धा टक्का. वाहतूक आणि छावणीचं खातं नाथनेल ग्रीनकडे, त्याला आणि दोन सहायकांना मिळून एक टक्का. माल यायला लागला.

दलालीचा दोष मात्र खरा आहे. खर्च वाढला की दलाली वाढते, म्हणजे घासाघीस करणाऱ्याचंच नुकसान. त्यात कागदी डॉलर घसरत होता, त्यामुळे खर्चाचे आकडे फुगत होते आणि लोकांना दलालांचे खिसे फुगताना दिसत होते. ते खिसे त्याच घसरत्या कागदाने भरत होते, हे बाहेरून दिसत नव्हतं. माझं मत विचाराल तर दलाली वाईट होती, पण त्या तीन वर्षांत तिला पर्याय नव्हता. पगारावर काम करणाऱ्या माणसाने स्वतःची पत गहाण टाकून पीठ उधार का आणावं?

पत हा शब्द इथे शब्दशः घ्या. सरकारची पत संपली होती तेव्हा व्यापाऱ्याची पत चालत होती, आणि ती बुडतही होती. न्यू ऑर्लिन्समधल्या ऑलिव्हर पोलॉकने स्पॅनिश गव्हर्नरांच्या सहकार्याने मिसिसिपीवरून दारू आणि माल वर पाठवला, पश्चिमेत लढणाऱ्या जॉर्ज रॉजर्स क्लार्कच्या हुंड्या सकारल्या. व्हर्जिनियाने त्या वेळेवर भरल्या नाहीत. पोलॉकला कर्जापायी हवानामध्ये अटकेत राहावं लागलं.

१७८१ मध्ये रॉबर्ट मॉरिस अर्थखात्याचा प्रमुख झाला आणि त्याने मक्ता पद्धत आणली : एका शिध्याला ठराविक दर, सुमारे १० पेन्स, माल आणणं आणि वाटणं मक्तेदाराचं. कागदावर सुरेख पद्धत, कारण जोखीम एकाच माणसाकडे येते. पण दर ठरलेला असेल तर मक्तेदाराला नफा कुठून? दर्जातून, मापातून आणि अंतरातून. १७८२ मध्ये हडसन नदीकाठच्या सैन्याच्या तक्रारी बरोबर याच आहेत : मांस वाईट, आणि वाटपाची जागा छावणीपासून दूर. मक्तेदाराची बाजू अशी की मॉरिस त्याला रोकड वेळेवर देत नव्हता. ऑक्टोबर १७८२ मध्ये तो मक्ता मोडला. वॅड्सवर्थ आणि त्याचा भागीदार कार्टर यांनी काम घेतलं, दर १३ पेन्स, पण पैशांसाठी तीन महिने थांबायची तयारी. वरचे तीन पेन्स हे त्या थांबण्याचं व्याज आणि सरकार बुडवेल या भीतीचा विमा. नुसता दर पाहिलात तर महागाई दिसेल, अटी वाचल्यात तर सौदा कळेल. या दोघांना थांबणं परवडलं, कारण ते आधीपासून फ्रेंच सैन्याला माल पुरवत होते आणि फ्रेंच चांदीत पैसे देत होते. त्याच चांदीमुळे शेतकरी आधी फ्रेंचांना विकत, मग उरलेलं स्वतःच्या सैन्याला.

आता तुमची १७७९ ची वही. फिलाडेल्फियात त्या जानेवारीत चांदीच्या एका डॉलरला सुमारे आठ कागदी डॉलर पडत होते, डिसेंबरपर्यंत सुमारे चाळीस. मार्च १७८० मध्ये काँग्रेसने चाळीसास एक हाच दर अधिकृत मानला. म्हणजे पिठाचा भाव वर्षात पाचपट झाला असेल, तर चांदीत तो जवळपास जिथल्या तिथे आहे. नोंदीची तारीख कराराची आहे की पैसे दिल्याची, हे आधी बघा, कारण मधल्या चार महिन्यांत कागद निम्म्यावर येऊ शकत होता आणि शहाणा विक्रेता ती घसरण भावात आधीच घालत होता. प्रत्येक नोंद त्या महिन्याच्या दराने चांदीत उतरवा. त्यानंतरही ज्या ओळी इतरांपेक्षा वर राहतील त्यांच्यापुढे विक्रेत्याचं नाव लिहा, आणि तो खरेदी अधिकाऱ्याचा भागीदार, मेहुणा किंवा त्याच्याच पेढीचा माणूस आहे का ते शोधा. चोरी असलीच तर त्या ओळींमध्ये सापडेल.